सुरोखाराची पिशवी

फोंड्यातल्या एका हॉटेलात पातळ भाजीत उंडा बुडवत माझा भाचा आणि त्याचा मित्र गेल्या महिन्यात असे काही भांडले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. विषय निवडणुकीचा नव्हता, म्हादईचाही नव्हता. विषय होता अँडर्स, एका कॉम्प्युटर खेळातलं पात्र. भाचा म्हणत होता तो क्रांतिकारक, मित्र म्हणत होता तो खुनी. बराच वेळ दोघेही मागे हटेनात. शेवटी मित्रच म्हणाला, "जाऊ दे रे, तसं बघितलं तर ते त्याने केलंच नाही. त्याच्या अंगातल्या भुताने केलं." भाच्याने मान डोलावली, चहा आला आणि वाद मिटला. त्यांच्या भांडणाचं मला काही वाटलं नाही. ते ज्या तडजोडीवर मिटलं ती मात्र घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

'ड्रॅगन एज २' हा खेळ बायोवेअरने काढला २०११ साली. त्याच वर्षी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर मी तो पहिल्यांदा खेळलो, नंतर आणखी दोनदा. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्कवॉल नावाचं शहर आहे. जादू घेऊन जन्मलेल्या माणसांना तिथे 'सर्कल'मध्ये कोंडून ठेवतात, लहानपणीच घरापासून तोडून. पहाऱ्याला टेम्प्लर असतात. जो धोकादायक ठरेल त्याच्या कपाळावर सूर्याचा डाग देऊन त्याला 'ट्रँक्विल' करतात. म्हणजे जादू जाते आणि तिच्याबरोबर राग, प्रेम, इच्छा सगळंच जातं. अँडर्स अशा सर्कलमधून सात वेळा पळालेला. आता तो शहराच्या पोटातल्या डार्कटाउन वस्तीत निर्वासितांवर फुकट उपचार करतो. आपण असतो हॉक, तेही निर्वासितच. अँडर्स आपला सोबती होतो, वर्षानुवर्षं आपल्याबरोबर वावरतो, आपण मनावर घेतलं तर आपल्या प्रेमातही पडतो, आणि शेवटी शहराचं मुख्य प्रार्थनामंदिर, चॅन्ट्री, आतल्या माणसांसकट उडवून देतो. आत वयोवृद्ध धर्मप्रमुख एल्थिना असते. लगेच टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ सर्कलमधल्या एकूण एक जादूगाराला मारायचा हुकूम सोडते आणि युद्ध पेटतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अँडर्सचं गाऱ्हाणं खरं होतं, तळमळ खरी होती, आणि चॅन्ट्री त्यानेच उडवली, पूर्ण शुद्धीत. त्याचा हेतू शोधायला त्याची भाषणं चाळायची गरज नाही आणि अंगातल्या भुताला साक्षीला बोलवायचीही नाही. त्याने आपल्या माणसांपासून काय लपवलं ते पाहिलं की हेतू हाती लागतो. आणि त्याचा अपराध चॅन्ट्री उडण्याच्या खूप आधी सुरू होतो, एका पिशवीपासून. तिच्याकडे मी येतोच, पण आधी भूत.

अँडर्सच्या अंगात 'जस्टिस' नावाचा आत्मा आहे, हे खरं. याच मालिकेतल्या २०१० च्या 'अवेकनिंग' खेळात तो दुसऱ्याच एका मेलेल्या माणसाच्या देहात भेटतो, सरळ आणि कठोर. पुढे अँडर्स त्याला स्वतःहून आपल्यात घेतो. अँडर्सचे डोळे निळे पेटतात, आवाज बदलतो, आणि त्या अवस्थेत तो काय करतो यावर त्याचा ताबा राहत नाही हेही खेळ दाखवतो. दुसऱ्या अंकात टेम्प्लरांच्या तावडीतून सोडवलेली एक कोवळी मुलगी त्याच्या चेहऱ्याला घाबरून ओरडते. आपण वेळीच आवरलं नाही तर तो तिलाच मारून टाकतो, आणि भानावर आल्यावर उन्मळून पडतो. हा भुतवाद्यांचा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि मी तो मानतो. पण नेमका तोच त्यांच्यावर उलटतो. आमच्याकडे देवळात भार येतो, तो पाहत आम्ही मोठे झालो. भार येतो, चढतो, उतरतो. उतरल्यावर माणूस पाणी मागतो आणि काय बोललो ते विचारतो. भार आलेला माणूस यादी घेऊन दिवसेंदिवस सामान गोळा करत हिंडत नाही. त्या मुलीवर धावून जाणं हा भार होता. चॅन्ट्रीच्या वेळी योजना होती, साहित्य होतं, निमित्त होतं, वेळ निवडलेली होती. आणि स्फोटानंतर अँडर्स काय करतो? एका खोक्यावर पाठ करून बसतो आणि आपल्या निवाड्याची वाट पाहतो. तो स्वतः भुताकडे बोट दाखवत नाही, मग आपण का दाखवायचं?

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली घडवलेला. एक उभा पाद्री, पुढे केलेले हात, खाली कोसळणारी बाई. पाहणाऱ्याला वाटतं की सगळी शक्ती त्या हातांत आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या फारियाने पॅरिसला जाऊन सांगितलं ते याच्या उलट. युरोपात तेव्हा मेस्मरचं मत गाजत होतं, की माणसामाणसांतून एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो आणि संमोहन करणारा तो हाताळतो. फारिया म्हणाला, असा द्रव बिव काही नाही. जे घडतं ते त्या झोपी जाणाऱ्याच्या मनातून घडतं. अँडर्सच्या बाबतीत खेळ याच्याही पुढे जातो. जस्टिसचा 'व्हेंजन्स' झाला, न्यायाचा सूड झाला, तो अँडर्सच्या मनात साठलेल्या रागामुळे, हे अँडर्स स्वतःच आपल्याला सांगतो. म्हणजे भुताने माणूस नासवला म्हणायचं असेल तर माणसाने भूत नासवलं हेही त्याच दमात म्हणावं लागेल.

आता भाच्याची बाजू. ती हलकी नाही आणि गोव्यात बसून तर ती अजिबात झटकता येत नाही. तो म्हणतो, मामा, अर्ज-विनंत्यांनी काय झालं? एल्थिनाचा हुद्दा मेरेडिथच्या वरचा. तिने मनावर घेतलं असतं तर सर्कलमधला जाच थांबला असता. ती दोन्ही बाजूंना समजूत घालत राहिली, आणि समजूत घालण्यातच माणसांच्या कपाळावर डाग पडत राहिले. मधे उभं राहणं हा निर्दोषपणा आहे का? नाही, आणि मी तसं म्हणणार नाही. आपल्याकडे १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभा घेतली. त्यानंतर पत्रकं निघाली, सत्याग्रह झाले, माणसं तुरुंगात गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर सीमेवर गोळ्या चालल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हलला नाही. गोवा मोकळा झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला, सैन्य आल्यावर. तेव्हा 'शांततेने सगळं होतं, अँडर्सला धीर नव्हता' हा उपदेश गोव्यातल्या माणसाने करू नये. भाच्याच्या मित्राचं सगळं म्हणणं याच उपदेशावर उभं होतं, म्हणून ते टिकलं नाही.

दुसरी एक गोष्ट दोघेही बोलले, की अँडर्सचा हेतू शुद्ध नव्हता, वैयक्तिक होता. कार्ल हा त्याचा जुना प्रियकर. पहिल्या अंकात अँडर्स त्याला सोडवायला रात्री चॅन्ट्रीत जातो आणि कार्ल वळतो तेव्हा त्याच्या कपाळावर सूर्य असतो. अंगातला आत्मा पेटतो, त्या झळीने कार्ल क्षणभर स्वतःत परततो आणि मला मारा म्हणून विनवतो. ती इमारत हीच. पुढे उडते ती. मग ही क्रांती की प्रेमिकाचा सूड? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. पोर्तुगीज राज्याविरुद्धचं १७८७ सालचं पिंटोंचं बंड आठवा. दिवाडीचे जुझे अंतोनियो गोन्साल्विस आणि पणजीचे कायतान फ्रान्सिस्क कौतो हे पाद्री लायक असूनही केवळ गोंयकार म्हणून वरच्या पदांपासून डावलले गेले, आणि त्या जखमेतून कट शिजला. तो फुटला, ४७ जणांना अटक झाली, १५ जणांना देहदंड दिला गेला. आता कोणी म्हणेल, पदं मिळाली असती तर बंड कशाला झालं असतं, म्हणजे हा स्वार्थच. पण ज्याला अन्याय स्वतःच्या अंगावर लागतो त्यालाच तो आधी दिसतो. डावललेला पाद्री आणि राज्य उलथायला निघालेला पाद्री हे दोन वेगळे इसम नव्हेत. कार्लसाठी रडणारा अँडर्स आणि सर्कल मोडायला निघालेला अँडर्सही एकच. हेतूत वैयक्तिक दुःख मिसळलं म्हणून तो बाटत नाही. तसं मानायचं तर दुःख नसलेल्यांनीच लढावं, आणि ते तर कधीच लढत नाहीत.

मग मी अडतो कुठे? त्या पिशवीपाशी.

तिसऱ्या अंकात अँडर्स आपल्याकडे येतो आणि म्हणतो, जस्टिसपासून वेगळं होण्याचा उपाय सापडलाय, एक औषध करायचंय, दोन वस्तू हव्यात. एक ड्रेकस्टोन, तो 'बोन पिट' खाणीत मिळतो. दुसरी सेला पेट्री, ती गटारात. आपण जातो. मी तर धावतच गेलो होतो, कारण मित्र बरा होणार होता. गटारातल्या भिंतींवरून ते खरवडून आणताना मला आनंद झाला होता, हे आजही आठवतं. सेला पेट्री हे नाव कानाला कशासारखं लागतं? सॉल्टपीटर. आपल्याकडचा सुरोखार, मलमूत्र मुरलेल्या मातीतून काढतात तो, बंदुकीच्या दारूतला मुख्य जिन्नस. औषध कुठलंच नव्हतं. आपण स्फोटकं वाहत होतो. मग तो आणखी एक काम सांगतो: चॅन्ट्रीत चल, एल्थिनाला बोलण्यात गुंतव, मला थोडा वेळ हवाय. कशासाठी ते सांगत नाही. आपण त्या म्हातारीसमोर उभे राहून तिच्याशी बोलतो, आणि तो आत कुठेतरी तिच्या मरणाची तयारी करत असतो.

माझी आजी डिचोली महालातली. पंचावन्न सालाच्या आसपास तिच्या सासरी एक ओळखीचा माणूस तिन्हीसांजेला मागच्या दाराने आला, त्याच्या काखेत गोणपाटात बांधलेलं एक पुडकं होतं. आजीला अक्षरओळख नव्हती. बियाणं आहे, कापड आहे, काहीही सांगून तो ते ठेवून जाऊ शकला असता. त्याने तिला अंगणाच्या कडेला नेलं आणि म्हणाला, "बाये, ह्या पुडक्यांत पत्रकां आसात. पाखल्यांक मेळ्ळीं जाल्यार ते सोडचे नात." पाखले म्हणजे पोर्तुगीज. आजी म्हणायची, तेव्हा तिचे पाय लटपटले होते. तिने थोडा वेळ घेतला, आत जाऊन पाळण्यातल्या पोराला पाहिलं, बाहेर आली आणि पुडकं उचलून भाताच्या कणगीत खोल खुपसलं. आठ दिवस ते तिथे होतं. त्या आठ दिवसांतलं भय तिचं स्वतःचं होतं. तिने ते घेतलं होतं, कुणी तिच्या गळ्यात घातलं नव्हतं. म्हणून म्हातारपणी ती ही गोष्ट सांगताना ताठ बसायची.

अँडर्सने हॉकला हे नाकारलं. यावर त्याच्या बाजूने एक फार चांगला मुद्दा आहे आणि तो मी कुणाच्या तोंडून न येता स्वतःच मांडतो: त्याने खोटं सांगितलं ते हॉकला वाचवायला. ठाऊक नसेल तर दोष लागणार नाही, पकडलं गेलं तरी खरोखर निर्दोष म्हणता येईल. भूमिगत कामात अशी आड ठेवतातच. पण आड ठेवणं म्हणजे माणसाला कामापासूनच दूर ठेवणं. अँडर्सने हॉकचे हात वापरले आणि डोळे तेवढे बांधले. गटारात तो एकटा जाऊ शकला नसता का? वर्षानुवर्षं तो डार्कटाउनमध्येच राहत होता, गटारं त्याच्या दारात होती. वाचवायचं असतं तर पिशवी त्याने स्वतः भरली असती. त्याने सांगितलं नाही याचं कारण साधं आहे: सांगितलं असतं तर आपण 'नाही' म्हणालो असतो. तो 'नाही' शब्द त्याला ऐकायचा नव्हता.

याच खेळात इसाबेला आहे, समुद्रावरची चोर. तीही आपल्याशी खोटं बोलते. शहरात तळ ठोकून असलेल्या कुनारी या परक्या लोकांचा पवित्र ग्रंथ तिनेच चोरलेला असतो, त्यापायी शहर पेटायची वेळ येते, आणि ती ग्रंथ घेऊन पळून जाते. पण आपलं तिच्याशी नातं घट्ट असेल तर ती परत येते, कुनारींच्या सेनापतीसमोर, आरिशोकसमोर उभी राहते, ग्रंथ पुढे करते. अजून काही सावरण्यासारखं असतानाच ती येते. लोक इसाबेलाला उथळ म्हणतात आणि अँडर्सला तत्त्वनिष्ठ. माझ्या हिशेबात हे उलट आहे. तिच्या खोट्याला परतीची वाट होती. अँडर्सने त्याचं खोटं अशा बेताने रचलं की ते कळेपर्यंत काही सावरता येऊ नये. तडजोडीची शक्यताच मिटवायची होती, हे तो स्वतःच सांगतो.

आणि कुणासाठी मिटवली? कर्कवॉलचं सर्कल ज्या जागेत आहे तिचं नाव गॅलोज, पूर्वीची गुलामांची कैद. आत म्हातारे आहेत, शिकाऊ पोरं आहेत. खेळ एका रीतीने खेळलात तर हॉकची धाकटी बहीण बेथनीही तिथेच असते. चॅन्ट्री त्यांनी उडवली नाही, अँडर्स तर सर्कलमध्येही नव्हता. तरी मेरेडिथ त्यांच्यावर तुटून पडते. हा मेरेडिथचा अन्याय, यात शंका नाही. पण ती असंच करणार हे अँडर्सला ठाऊक होतं, किंबहुना त्याची सगळी योजना त्यावरच टेकलेली होती. जे झुरत होते त्यांना त्याने लढायला किंवा मरायला लावलं, आणि लढायचं की आणखी थांबायचं हे त्यांना विचारलं नाही. सर्कलविरुद्ध त्याची मुख्य तक्रार काय होती? हे लोक आमचं आयुष्य आम्हाला न विचारता ठरवतात, हीच ना?

इथे भाच्याने मोहन रानड्यांचं नाव घेतलं, मग बेतीच्या पोलीस ठाण्यावरचा हल्ला कसा चालतो तुम्हाला, असं विचारलं. चालतो, आणि का ते सांगतो. सांगलीचा मनोहर आपटे नावाचा तरुण, म्हणजेच पुढचे मोहन रानडे, गोव्यात येतो, सावई-वेरेला मास्तरकी करतो, सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात जातो, १९५५ मध्ये बेतीला गोळी लागून पकडला जातो. सुटका होते जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मोकळा होऊन सात वर्षं उलटल्यावर, तीही पोर्तुगालच्या तुरुंगातून. बंदूक दोघांच्याही हाती आहे, फरक बंदुकीचा नाही. त्यांचा हल्ला हत्यारबंद सत्तेच्या चौकीवर होता आणि किंमत त्यांनी आपल्या देहातून मोजली. अँडर्सही मरायला तयार होता, हे मी नाकारत नाही. पण स्वतः मरायला तयार असल्याने दुसऱ्यांचे जीव डावावर लावायचा हक्क मिळतो, असा हिशेब त्याने मनाशी केला. तो हिशेब मला मान्य नाही.

काही जण म्हणतात, अहो, आपण मदत नाकारली तरी तो स्फोट होतोच, म्हणजे ही लेखकांची जबरदस्ती आहे, तिच्यावरून पात्राचा न्याय कसला करता. मी तिसऱ्या खेपेला मदत नाकारली होती. स्फोट झालाच. पण त्याने माझं म्हणणं आणखी पक्कं झालं: त्याला आपली गरज नव्हती, तरी त्याने आपल्याला त्यात ओढू पाहिलं. आणि मालिकेतल्या पुढच्या, २०१४ च्या 'इन्क्विझिशन' खेळात त्या पेटलेल्या युद्धाचा हिंटरलँड्स हा भाग आहे. जादूगार आणि टेम्प्लर यांच्या मधे सापडलेले शेतकरी एका चौरस्त्यावर गोळा झालेले असतात, उपाशी, थंडीने गारठलेले. आपलं काम असतं रानातले मेंढे मारून त्यांना मांस आणून देणं. ते करताना दर वेळी मला गटारातल्या त्या भिंती आठवत. या युद्धातून पुढे जादूगार मोकळेही होऊ शकतात, सर्कल पुन्हा उभंही राहू शकतं, ते आपल्या निवडींवर आहे. मोकळे झाले तरी चौरस्त्यावरचं ते पोर उपाशी होतंच.

उरला निवाडा. अँडर्स खोक्यावर बसलेला असतो आणि खेळ विचारतो: मारता, हाकलता की बरोबर नेता? पहिल्या खेपेला मी त्याला रागाने मारलं होतं. आता मारणार नाही. मेला की तो हुतात्मा होतो, आणि त्याने तेच मांडून ठेवलेलं असतं. हाकललं तर तो पुन्हा एकटा, स्वतःच्या मनातल्या न्यायासोबत. माझ्या शेवटच्या खेळात मी त्याला उठवलं आणि गॅलोजला बरोबर घेऊन गेलो, जादूगारांच्या बाजूने लढायला. दारातून आत शिरलो तेव्हा ज्यांच्या वतीने त्याने परस्पर ठरवलं होतं ते सगळे तिथे उभे होते, बेथनीही होती. भाचा म्हणाला, मामा, हीच तर सगळ्यांत मोठी सजा झाली. मी म्हटलं, सजा म्हणून नेलं नव्हतं रे. त्यांना त्याला काही विचारायचं असेल, म्हणून नेलं.